पार्श्वभूमी : अमेरिकेतील सरकारी शाळा आणि घरपट्टीची हद्द

अमेरिकेतील सरकारी शाळांच्या पैशाचा वाद समजून घ्यायचा, तर आधी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ या शब्दापाशी थांबावे लागते. ‘शालेय जिल्हा’ असे त्याचे भाषांतर सर्रास केले जाते आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जिल्हा परिषदेची शाळा उभी राहते. प्रत्यक्षात महसुली जिल्ह्याशी त्याची हद्द जुळेलच असे नाही. शाळा चालवण्यापुरती हद्द आखून घेतलेली, बहुतेक ठिकाणी निवडून आलेले मंडळ असलेली आणि त्या हद्दीतील घरा-जमिनींच्या करावर बऱ्याच अंशी पोसलेली अशी ती वेगळीच व्यवस्था आहे. 1930 च्या दशकाच्या आरंभी देशात अशी सव्वा लाखांहून अधिक डिस्ट्रिक्ट होती. विलीनीकरणानंतर आज सुमारे 13,000 उरली आहेत.

शाळेची जमिनीशी गाठ जुनीच आहे. पन्नास कुटुंबांच्या गावाने शिक्षक नेमावा, असा कायदा मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1647 मध्ये केला. पश्चिमेकडील जमिनीच्या मोजणीसाठी 1785 मध्ये झालेल्या कायद्याने प्रत्येक टाउनशिपच्या, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या चौरस पट्ट्याच्या, 36 चौकोनांपैकी सोळावा शाळेसाठी राखून ठेवला. सक्तीचे शिक्षण 1852 मध्ये एका राज्यात आले आणि 1918 पर्यंत सर्व राज्यांत पोहोचले. संघराज्याच्या घटनेत मात्र शिक्षणाचा शब्दही नाही, आणि पुढचा सारा पेच तिथूनच सुरू होतो.

मे 1968 मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात एजवुड डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलमधील मुले वर्ग सोडून बाहेर पडली. पात्र शिक्षक नाहीत आणि इमारतीची दुर्दशा झाली आहे, ही त्यांची तक्रार होती. त्यानंतर हवाई तळावर पत्र्याचे काम करणाऱ्या एका बापाने अन्य पालकांसह न्यायालयात धाव घेतली. त्या खटल्यातील 1967-68 चे आकडे आजही बोलके वाटतात. एजवुडमध्ये दर 100 डॉलर मालमत्तेवर 1.05 डॉलर कर होता, तर त्याच शहरातील सधन अलामो हाइट्समध्ये 85 सेंट. तरीही स्थानिक करातून एजवुडला दर मुलामागे 26 डॉलर मिळाले आणि अलामो हाइट्सला 333. राज्याने दोघांनाही जवळपास सारखेच, म्हणजे अनुक्रमे 222 आणि 225 डॉलर दिले. संघराज्याचा निधी गरीब भागाला जास्त मिळाला, तरी एकूण हिशेब 356 विरुद्ध 594 असाच राहिला. ज्यांनी कराचा दर अधिक सोसला त्यांच्याच मुलांच्या वाट्याला कमी आले, आणि याचे कारण आळस नव्हता, घरांची किंमत होती.

खालच्या न्यायालयाने 1971 मध्ये पालकांच्या बाजूने निकाल दिला; सर्वोच्च न्यायालयाने मार्च 1973 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरवला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, आणि स्थानिक लोकांच्या हाती शाळेचा कारभार राहावा हा हेतू ही पद्धत टिकवण्यास पुरेसा आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. ज्या डिस्ट्रिक्टकडे खर्चायला पैसाच नाही, त्याला कारभाराचे स्वातंत्र्य कसले, या प्रश्नाला त्या निकालात समाधानकारक उत्तर सापडत नाही.

संघराज्याचा दरवाजा बंद झाल्यावर भांडण राज्यांच्या घटनांकडे वळले. न्यू जर्सीच्या न्यायालयाने पुढच्याच महिन्यात तेथील पद्धत रद्द ठरवली. विधिमंडळ पैशाची सोय करीना, तेव्हा 1976 च्या जुलैत न्यायालयाने शाळांवरील खर्चच थांबवला आणि त्यानंतर त्या राज्यात प्राप्तिकर आला. टेक्सासमध्ये 1989 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एजवुडच्या बाजूने कौल दिला. त्यातून 1993 मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टचा मर्यादेपलीकडचा कर वळता करून घेणारा कायदा झाला. श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना देणाऱ्या दंतकथेतील नायकावरून लोकांनी त्याला ‘रॉबिन हूड’ असे नाव ठेवले. मात्र हा कायदा जमिनीची किंमत मोजतो, मुलांच्या घरची परिस्थिती नव्हे. त्यामुळे जागांचे भाव चढलेले, टेक्सासच्या राजधानीतील ऑस्टिन डिस्ट्रिक्ट, तेथील निम्म्याच्या आसपास विद्यार्थी गरीब घरांतले असूनही, पैसे देणाऱ्यांच्या यादीत वर्षानुवर्षे सर्वांत वर राहिले.