ॲक्युपंक्चरच्या बिंदूखाली नेमकं काय आहे?

सोलापुरात ॲक्युपंक्चरचा, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर सुया टोचून करायच्या चिनी उपचाराचा, विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव येतंच. 1910 साली इथे जन्मलेले कोटणीस 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये, अवघ्या 32 व्या वर्षी, तिथेच वारले. भैय्या चौकाजवळचं त्यांचं घर आता स्मारक झालं आहे. या आदरापोटी सुयांची विद्याही त्यांनीच आपल्याकडे आणली, असं अनेकांना वाटतं. पण कोटणीस शल्यचिकित्सक होते आणि जपानविरुद्धच्या युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते. ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तिथे शिकले आणि कोलकात्यात उपचार सुरू केले. पुढे कोटणीसांच्या नावाने चाललेल्या समितीच्या कामातून या उपचाराचा प्रसार झाला आणि दोन्ही नावं लोकांच्या मनात जोडली गेली.

आज शहरात या उपचाराची शिबिरं भरतात. विडी घरकुलात दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावर उभ्याने पाळी करणारे कामगार, मान-खांदा-कंबर धरलेली माणसं तिथे येतात. काही ठिकाणी पेनासारखं एक यंत्र त्वचेवर फिरवलं जातं. ते एका जागी वाजतं आणि सांगितलं जातं, ‘अक्का, हा बघा बिंदू सापडला.’ त्या आवाजाचा अर्थ काय, हे त्या अक्काला कळायला हवं असं मला फार वाटतं. कारण त्यामागे सत्तरहून अधिक वर्षांचं संशोधन आहे आणि त्या संशोधनाचं उत्तर यंत्राच्या आवाजाइतकं सोपं नाही.

आधी थोडं जुनं. 1973 मध्ये चीनमधल्या मावांगदुई इथल्या, इसवी सनपूर्व 168 मधल्या कबरीत रेशमावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ सापडले. त्यांत शरीरातून जाणाऱ्या अकरा वाहिन्यांचं, म्हणजे या परंपरेने मानलेल्या मार्गांचं, वर्णन आहे, पण बिंदू नाहीत. म्हणजे आधी रेषा आल्या, त्यांवरचे ठिपके नंतर. 1027 मध्ये चीनच्या सोंग राजघराण्याच्या दरबारातल्या वांग वेईयी यांनी छिद्रं असलेले कांस्य पुतळे ओतवून घेतले. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेण चढवून आत द्रव भरत. विद्यार्थ्याची सुई नेमकी पडली तर द्रव बाहेर येई. पुतळ्यावर बिंदू ही एक खरीखुरी, मोजता येणारी जागा होती. जिवंत शरीरावर मात्र जाणकारांतही एकमत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने चीन, जपान आणि कोरियातल्या तज्ज्ञांना बसवून 361 बिंदूंच्या जागा ठरवल्या आणि 2008 मध्ये त्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा सुरुवातीला 92 बिंदूंवर मतभेद होते. चर्चेनंतरही सहा बिंदूंच्या दोन-दोन जागा नोंदवाव्या लागल्या.

प्रयोगशाळेतला शोध खऱ्या अर्थाने सुरू झाला तो विजेपासून. जपानचे योशिओ नाकातानी यांनी 1950 मध्ये सांगितलं की त्वचेवर काही ठिकाणी विद्युतरोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, कमी असतो आणि अशी ठिकाणं जुन्या वाहिन्यांच्या रेषेत येतात. जर्मनीत राइनहार्ड फोल यांनी 1950 च्याच दशकात त्यावर निदानाची पद्धत उभी केली. शिबिरातलं पेन याच घराण्यातलं. रोध कमी लागला की ते वाजतं.

अडचण मोजमापात आहे. कोरड्या त्वचेचा विद्युतरोध मुख्यतः तिच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या पातळ थरात असतो. तिथे घाम आला की रोध घसरतो. टोक जरा जोरात दाबलं, तेच ठिकाण पुन्हा घासलं, किंवा टोक तिरकं धरलं की लहान जागेवर दाब एकवटतो आणि आकडा बदलतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हातून चालत आलेल्या माणसाच्या मनगटावर हे यंत्र बोटभर अंतरात चार ठिकाणी वाजू शकतं. बघणाऱ्याला बिंदू कुठे असायला हवा हे आधीच ठाऊक असेल, तर त्याचा हात नकळत तिथेच जास्त दाबतो. 2008 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा शिस्तीने आढावा घेतला गेला. बिंदूंवरच्या नऊ अभ्यासांपैकी पाचांत रोध कमी आढळला होता, पण अभ्यासांचा दर्जा एकूण कच्चा होता आणि ठाम निष्कर्ष काढता आला नाही. एवढ्या आधारावर रुग्णाला ‘तुमचा बिंदू सापडला’ असं सांगणं मला पटत नाही.

दुसरी वाट थेट शरीररचनेची. उत्तर कोरियात किम बोंग-हान यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जाहीर केलं की बिंदूंखाली सूक्ष्म पिंड आणि त्यांना जोडणाऱ्या नलिका त्यांना सापडल्या आहेत. सरकारने मोठा गाजावाजा केला. पण नलिका रंगवून दाखवणाऱ्या द्रवाची कृती त्यांनी उघड केली नाही, त्यामुळे इतरांना प्रयोग पडताळता आला नाही. त्या दशकाच्या मध्यानंतर किम यांचं नाव सार्वजनिक नोंदींतून नाहीसं झालं. 2000 नंतर सोलमध्ये क्वांग-सुप सोह यांच्या गटाने उंदीर-सशांच्या शरीरात, रक्तवाहिन्यांच्या आत आणि अवयवांच्या पृष्ठभागावर, अतिशय बारीक धाग्यांसारख्या रचना दाखवल्या. त्वचेवरच्या बिंदूंशी त्यांचा संबंध मात्र अजून प्रस्थापित झालेला नाही. फ्रान्समध्ये 1980 च्या दशकात बिंदूंवर किरणोत्सारी टेक्नेशियम टोचून त्याची वाट छायाचित्रात टिपली गेली आणि वाहिनी दिसली असा दावा झाला. इतरांनी तपासलं तेव्हा ती शिरांमधून होणारी साधी वाहतूक ठरली.

याच काळात चेतासंस्थेकडून वेगळी माहिती येत होती. 1975 मध्ये शरीर स्वतः तयार करत असलेली अफूसदृश वेदनाशामकं सापडली. त्यानंतर दोनच वर्षांत दिसलं की नॅलॉक्सोन हे अफूचा परिणाम रोखणारं औषध दिलं तर सुयांमुळे कमी झालेली वेदना परत येते. बीजिंगमध्ये हान जीशेंग यांनी सुयांमधून दिलेल्या विजेच्या स्पंदनांची वारंवारता बदलली की कुठली रसायनं सुटतात तेही बदलतं, हे दाखवलं. सुई टोचल्यावर शरीरात काहीतरी घडतं, हे यातून पक्कं झालं. ती नेमकी त्याच जागी टोचायला हवी का, हा प्रश्न तसाच राहिला. या दोन प्रश्नांची गल्लत आजही समर्थक करतात आणि विरोधकही.

या गल्लतीचं ठळक उदाहरण 1998 चं आहे. पायाच्या करंगळीवरचा, डोळ्यांच्या विकारांसाठी सांगितला जाणारा बिंदू टोचला की मेंदूचा दृष्टीचा भाग उजळतो, असा मेंदूच्या एमआरआयवर आधारलेला निबंध तेव्हा गाजला. 2006 मध्ये त्याच्या लेखकांनीच तो मागे घेतला. बिंदूचा तसा विशिष्ट संबंध दिसत नाही, असं ते म्हणाले. स्वतःचं गाजलेलं काम मागे घेणं सोपं नसतं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते अमेरिकेतल्या हेलेन लँजेव्हिन यांचं काम. सुई फिरवली की ती आत धरल्यासारखी वाटते, आणि रुग्णाला तिथे जडपणा किंवा झिणझिण्या जाणवतात, हा प्रत्येक उपचारकाचा अनुभव. लँजेव्हिन यांनी ती पकड मोजली. 60 निरोगी माणसांना संगणकाने चालवलेल्या सुया टोचल्या आणि सुई बाहेर काढायला किती जोर लागतो ते नोंदवलं. सुई न फिरवता आणि फिरवून यांतला फरक मोठा होता. बिंदूवर आणि दोन सेंटिमीटर बाजूला यांतला फरक होता सरासरी 18 टक्के. म्हणजे पकड सगळीकडे बसते, बिंदूवर जरा घट्ट. ती स्नायूंची नव्हे, तर त्यांच्यामधल्या संयोजी ऊतींची, म्हणजे स्नायू-अवयवांना जोडून धरणाऱ्या तंतुमय आवरणाची. चातीवर सूत चढावं तसे त्यातले तंतू सुईभोवती गुंडाळले जातात. 2002 मध्ये त्यांनी हाताचे छेद तपासले तेव्हा सुमारे 80 टक्के बिंदू स्नायूंमधल्या अशा फटींवर पडत होते. अंगठा-तर्जनीमधल्या किंवा मनगटावर दोन स्नायुबंधांमधल्या खोलगट जागी बोट दाबलं तर ते पटतं. पण अशा फटी अंगभर आहेत, त्यामुळे त्यावरून बिंदू म्हणजे वेगळी रचना आहे असं सिद्ध होत नाही.

रुग्णांवरच्या चाचण्यांनीही हेच सुचवलं. 2007 मध्ये जर्मनीत पाठदुखीच्या 1,162 रुग्णांवरच्या अभ्यासात खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना, बिंदू सोडून उथळ टोचलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 27.4 टक्क्यांना फायदा झाला. पहिल्या दोन गटांतला फरक नगण्य आहे. या फायद्यात सुईचा परिणाम किती आणि उपचारावरच्या विश्वासाचा किती, यावर वाद आहे.

2021 मध्ये क्युफू मा आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. गुडघ्याखालच्या, चिनी परंपरेतल्या झुसानली या बिंदूवर हलका विद्युतप्रवाह दिला की मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूमार्गे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीतून रसायनं सुटतात आणि शरीरातला दाह कमी होतो. पोटावर तोच हलका प्रवाह दिला तर हे घडत नाही. कारणही सापडलं: एका विशिष्ट जातीचे संवेदी चेतातंतू मागच्या पायाच्या खोल संयोजी ऊतींत पसरलेले असतात, पोटाच्या भागात नाहीत. ते तंतू नष्ट केले की परिणाम थांबतो. जागेचा फरक शरीररचनेतून समजावून देणारा इतका स्पष्ट पुरावा याआधी नव्हता. मात्र इथे ‘जागा’ म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका नव्हे, तर सुईची खोली आणि प्रवाहाची तीव्रता धरून ठरलेला चेतातंतूंचा एक पट्टा आहे. तो त्वचेवर वाजणाऱ्या पेनाच्या आवाक्यात येत नाही. माणसाच्या पायात तसे तंतू कुठे आणि किती दाट आहेत, यावर या शोधाचं पुढचं पाऊल अवलंबून आहे.