२१ गियरची सायकल चढावर का अडते?

सायकलच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभे राहा, "किती गियरची आहे?" हा प्रश्न कानावर येणारच. दुकानदार ऐटीत "एकवीस" म्हणतो, घेणारा खूश. मग कोपऱ्यात लाखाच्या वरची माउंटन बाइक दिसते आणि तिला फक्त बारा गियर आहेत हे कळल्यावर पुढचा प्रश्न, "एवढे पैसे घेऊन नऊ गियर कमी?" प्रश्न हसण्यासारखा नाहीये, कारण जाहिराती पण गियर मोजूनच सायकली विकतात.

पण गियर म्हणजे काय तर साधा भागाकार. पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते, म्हणजे पेडल एकदा फिरवल्यावर मागचं चाक किती वेळा फिरतं ते. आपल्याकडच्या स्वस्त २१ गियरवाल्या सायकलीला बहुतेक वेळा पुढे ४२-३४-२४ दात्यांच्या तीन आणि मागे १४ ते २८ दात्यांच्या सात चकत्या असतात. सगळ्यात जड गियर ४२/१४ म्हणजे ३, सगळ्यात हलका २४/२८ म्हणजे ०.८६. दोघांत अंतर साडेतीन पट. आता ते २१ भागाकार कागदावर मांडा, ४२/२८ म्हणजे १.५ आणि २४/१६ पण बरोब्बर १.५, ३४/२० म्हणजे १.७ आणि २४/१४ म्हणजे १.७१, असे जुळे भाऊ काढून टाकले की खरे वेगळे गियर उरतात तेरा-चौदा, आणि त्यातलेही काही चेन फार तिरकी होते म्हणून वापरायचे नसतात.

बारा गियरवाल्याकडे पुढे एकच चकती, समजा ३० दात्यांची, आणि मागे १० ते ५१. जड गियर ३, म्हणजे २१ वाल्याइतकाच. हलका मात्र ०.५९. अंतर पाच पटीच्या वर, आणि एकही गियर दुबार नाही. हे प्रकरण २०१२ ला सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीच्या ११ गियरच्या १०-४२ कॅसेटनं (कॅसेट म्हणजे मागच्या चकत्यांचा संच) सुरू झालं, २०१६ ला त्यांचीच १०-५० आली, २०१८ ला त्यांची स्पर्धक शिमानोनं १०-५१ काढली. खरं सांगायचं तर जुन्या चांगल्या तीन चकत्यांच्या सेटचा (पुढे ४४-३२-२२, मागे ११-३४) पल्ला याहून मोठा होता, सहा पटीच्या वर, पण तो जास्तीचा भाग वरच्या वेगाकडे होता आणि डोंगरात त्याचा कोणाला फारसा उपयोग नव्हता.

आता माझा आवडता भाग. हलका गियर म्हणजे पायाला आराम एवढंच लोक समजतात, पण आकडे मांडले की गोष्ट वेगळी दिसते. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, १५ टक्के चढ (१०० मीटर पुढे गेलं की १५ मीटर वर), खाली सुटा मुरूम, आणि तुमच्या आमच्यासारखा माणूस जे बराच वेळ टिकवू शकतो ते साधारण १५० वॅट. गुरुत्वाकर्षण मागे खेचतंय सुमारे १२३ न्यूटननं, मुरमाचा विरोध धरू २५, एकूण १४८. शक्ती भागिले बल म्हणजे वेग, आला सेकंदाला १ मीटर, ताशी ३.६ किलोमीटर. चालायच्या वेगापेक्षा कमी! आणि हा वेग गियर ठरवत नाही, तुमचे वॅट ठरवतात. गियर एवढंच ठरवतो की या वेगाला पेडल मिनिटाला किती वेळा फिरणार. बारा गियरवाल्याच्या २९ इंची चाकाला (परीघ साधारण २.३ मीटर) ३०/५१ वर ४४ फेरे, आणि २६ इंची चाकाच्या २१ गियरवाल्याला सगळ्यात हलक्या गियरवर फक्त ३४. पहिल्याला पेडलवर सरासरी १९ किलोचा जोर लागतो, दुसऱ्याला २५ किलोचा. ही सरासरी झाली, पेडल खाली दाबताना ऐन जोर याच्या दीड-दोन पट असतो.

कारण जोर सतत लागत नाही. एक पाय सगळ्यात वर आणि दुसरा सगळ्यात खाली असतो तेव्हा दाबायला जागाच नसते, प्रत्येक फेऱ्यात हा मेलेला टप्पा दोनदा येतो. रहाट नसलेल्या विहिरीतून हातानं पाणी शेंदताना हात बदलायच्या क्षणी बादली जराशी खाली जाते ना, तसंच इथे. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही कारण सायकलचा वेगच तो टप्पा ओढून नेतो, पण आपल्या चढावर वेग फक्त १ मीटर आणि मागे खेचणारं बल १४८ न्यूटन, त्याला ८५ किलोनं भागा, दर सेकंदाला १.७४ मीटरनं वेग घटतोय. म्हणजे जोर पूर्ण थांबला तर सायकल ०.६ सेकंदाच्या आत, जेमतेम फूटभर पुढे जाऊन, थांबते! मेलेला टप्पा ४५ अंशांचा धरला तर ३४ फेऱ्यांवर तो ०.२२ सेकंद चालतो आणि वेगातला ३८ टक्के खाऊन टाकतो, ४४ वर ०.१७ सेकंद आणि ३० टक्के. (प्रत्यक्षात पाय पूर्ण सुटत नाही म्हणून तोटा याहून कमी, पण चित्र हेच.) गेलेला वेग पुढच्या दाबात परत मिळवायचा म्हणून तो दाब आणखी मोठा, आणि त्या दणक्यात मुरमावरचं मागचं चाक जागच्या जागी फिरतं, मग पाय जमिनीवर. दम संपून नाही, धक्क्यानं अडते सायकल.

मग सगळ्यात हलका गियर लावून निवांत बसायचं का? तेही नाही. वाटेत पायरीसारखा दगड आला तर ३०/५१ वर पेडलच्या अर्ध्या फेऱ्यात सायकल फक्त ६८ सेंटीमीटर सरकते, दगडावर चाक चढेपर्यंत मेलेला टप्पा येऊन ठेपतो. एकदोन गियर जड, समजा ३९ ची चकती, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात ८८ सेंटीमीटर, एका दाबात दगड पार. म्हणून खडकाळ वाटेवरचे मुरलेले लोक दगडाच्या आधी मुद्दाम गियर जड करतात.

या मेलेल्या टप्प्यावर इलाज म्हणून लंबगोल चकत्या विकतात. १९८० च्या दशकात शिमानोनं बायोपेस नावाची लंबगोल चकती आणली तेव्हा दाबायच्या जागी गियर हलका होता, हल्लीच्या लंबगोल चकत्यांत बरोबर उलटं, दाबायच्या जागी जड. दोन्हींचा दावा एकच, पाय कमी थकतील. उलटसुलट औषधं एकाच आजारावर गुणकारी असतील तर मी आधी वैद्याकडे बघतो.

माउंटन बाइकिंगच्या कुठल्या प्रकाराला काय, ते आता पटकन. क्रॉस कंट्रीचे (चढ-उतार दोन्ही असलेली शर्यत) रेसर पुढे ३४-३६ लावतात ते बघून आपले लोकही लावतात. पण तो रेसर सायकल धरून ७५ किलोचा आणि ३५० वॅट काढणारा, त्याच चढावर तो ताशी साडेनऊच्या पुढे जातो, ३०/५१ वर त्याला मिनिटाला ११८ फेरे मारावे लागतील, त्यामुळे त्याला मोठी चकती हवीच. तुमचे वॅट त्याचे नाहीत, चकतीही त्याची नको. ट्रेल (डोंगरवाटांवरची भटकंती) आणि एंड्युरोला (वेळ उताराची मोजतात, पण चढही स्वतःच चढायचा अशी शर्यत) ३० किंवा ३२, सायकल १५-१६ किलोची आणि चढ लांबलचक असेल तर २८ सुद्धा. यावर तासन् तास वाद घालू नका, ३२ ची ३० केली तर फरक ६ टक्के, मागे ५१ आणि ४५ मधली उडीच १३ टक्क्यांची आहे, म्हणजे दोन दाते म्हणजे अर्धा गियर. उडी बघायची तर स्रॅमच्या १०-५२ मध्ये बघा, शेवटची ४२ वरून ५२, जवळजवळ २४ टक्के, पाय एकदम मोकळे पडतात.

डाउनहिलवाले (फक्त उतारावरची शर्यत) मागे सातच चकत्या ठेवतात, १० ते २४, पुढे ३४-३६. मोठ्या चकत्या नसल्या की डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) आखूड चालतो, तो दगडावर आपटत नाही आणि मागचं सस्पेन्शन हलकं राहतं. २०१५ ला ऑस्ट्रियात लिओगांगच्या वर्ल्ड कपला ॲरन ग्विन या अमेरिकन रेसरची चेन सुरुवातीलाच तुटली, गडी चेनशिवाय खाली आला आणि पहिला आला. त्या ट्रॅकवर गियर किती होते विचारा आता.

आणि घरात आधीच २१ गियरवाली असेल तर ती विकायची गरज नाही. मागचं १४-२८ काढून १४-३४ चं सात चकत्यांचं फ्रीव्हील बसवता येतं, डिरेलर ३४ दाते पेलतो का आणि चेन पुरते का हे आधी मेकॅनिककडून बघून घ्या. हलका गियर ०.८६ वरून ०.७१ होतो, वरच्याच चढावर ३४ चे ४१ फेरे होतात, लाखवाल्याच्या ४४ च्या अगदी जवळ. किंमत एवढीच की शेवटची उडी २४ वरून थेट ३४, ४२ टक्क्यांची, आणि चेनवर पूर्ण जोर असताना ती उडी नीट पडत नाही, कडकड करत अडकते. म्हणून चढ सुरू व्हायच्या दोनचार मीटर आधीच गियर टाकायचा आणि त्या क्षणी पाय थोडा सैल सोडायचा.