पाव नक्की कुठून आला? एक नाही, तीन पाव आहेत

व्हॉट्सॲपवर अधूनमधून तो मेसेज फिरतच असतो बघा, की पूर्वी बेकरीवाले मैदा पायाने तुडवायचे म्हणून त्याचं नाव पाव पडलं. दुसरी थिअरी अशी की चार तुकडे चिकटवून भाजायचे, त्यातला एक म्हणजे पाव. ऐकायला दोन्ही भारी, पण दोन्ही चूक. पायाची थिअरी तर मराठीत बसतच नाही, आपण पायाला पाय म्हणतो, पांव हिंदीतला.

गोंधळ का होतो तर मराठीत पाव हे मुळात तीन वेगळे शब्द आहेत आणि तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, झिजून झिजून उच्चार तेवढा एक झालाय.

पहिला पाव किलोवाला. हा संस्कृत 'पाद'. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. प्राकृतात दोन स्वरांच्या मधला द गळून पडला आणि पाव उरला. याचं खानदान मोठं आहे. पादाने ऊन म्हणजे पादोन, त्याचं झालं पाऊण. सपाद म्हणजे पादासकट, त्याचा झाला सव्वा. चार आण्यांची पावली, शेराचा चौथा भाग पावशेर (आता त्या शब्दावर गुत्त्यावाल्यांनी कब्जा केलाय ते सोडा), आणि शाळेत पोरांकडून घोकून घेतलेली पावकी. जुन्या वह्यांमध्ये तर पाव लिहायला नुसती एक उभी रेघ असायची, ६। म्हणजे सव्वासहा, ६॥ साडेसहा आणि ६॥। पावणेसात.

दुसरा पाव देवाचा. 'देवा, आता तरी पाव' यातला. हा 'प्राप्'पासून आलाय, मिळणे, पोचणे. इथे मधला प जाऊन व आला. पैसे पावले की देतात ती पावती, ती पण इथलीच. आणि पावणेसातला पावणे आले यातले दोन्ही पावणे अजून वेगळे, पहिला पादोनवाला आणि दुसरा पाहुणा, पण त्यात शिरलो तर जेवायची वेळ होईल.

तिसरा खायचा पाव, हा पोर्तुगीज. लॅटिनमध्ये 'पानेम', पोर्तुगीजांनी मधला न गिळून टाकला आणि नाकातला उच्चार तेवढा ठेवला, 'पांउ' असं काहीसं ऐकू येतं. गंमत बघा, तिन्ही शब्दांच्या मधल्या व्यंजनाची वाट लागलीये, दोघांची भारतात आणि एकाची तिकडे पोर्तुगालात. स्पॅनिशमध्ये तो न अजून शाबूत आहे, ते 'पान' म्हणतात. म्हणजे आपला शब्द पोर्तुगीजांकडूनच आला यात शंका घ्यायला जागा नाही.

ते गोव्यात आले 1510 ला, वसई त्यांच्याकडे गेली 1534 ला आणि चिमाजी अप्पांनी घेतली 1739 ला, म्हणजे मुंबईच्या उंबऱ्यावर दोनशे वर्षं मुक्काम. इथे त्यांना यीस्ट कुठून मिळणार, मग गोव्यात पीठ फुगवायला माडाची ताडी वापरली. पाव भाजणारा तो पोदेर, हा शब्दही पोर्तुगीजच. पुढे गोव्याचे बेकर मुंबईत आले आणि पाव इथे रुळला. पण सोवळ्यातल्या घरांमध्ये तो खूप काळ बाटगा पदार्थच होता, विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीये. खरी किती खोटी किती ते सोडा, पण ती सांगणाऱ्यांना पाव कुणाचा हे बरोबर माहीत होतं एवढं नक्की. आणि वडापावमधला बटाटाही शब्द म्हणून पोर्तुगीजच, मराठी अस्मितेचा नाश्ता म्हणून मिरवताना हे कुणी सांगत नाही!

हाच शब्द जहाजातून जपानलाही गेला. पोर्तुगीज तिथे पोचले 1543 ला, जपान्यांना शेवटचा अनुनासिक न सारखा ऐकू आला आणि ते ब्रेडला आजही 'पान' म्हणतात. बंगालीत 'पाउरुटी' झालं, म्हणजे अर्थ बघायला गेलं तर रोटीरोटी. चिनी 'बाओ' मात्र यातला नाही, त्याचा मूळ अर्थ गुंडाळणे आणि त्याचा उगम तिकडचाच.

पोर्तुगीजमध्ये अजून एक लोचा आहे. नाकातला उच्चार काढला की शब्दच बदलतो, 'पाउ' म्हणजे लाकूड, काठी. त्यामुळे लिस्बनच्या बेकरीत आपल्या स्टाईलने पाव मागितला तर समोरच्याला लाकूडच ऐकू जायचं. आणि हे लाकूडही साधंसुधं नाही, लाल रंग काढायचं जे झाड त्यांना समुद्रापलीकडे सापडलं त्याला ते 'पाउ ब्राझील' म्हणायचे, त्याच्यावरून पुढे त्या अख्ख्या देशाचं नाव पडलं.