गाडीवर रेसिंगचे रंग चढवण्याआधी

आमच्याकडे गाडी रॅप करून, म्हणजे तिच्यावर रंगीत फिल्म चिकटवून घ्यायला येणारे बहुतेकजण मोबाइलवर एक फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "अगदी अस्संच हवं." फोटो देखणाच असतो. फिकट निळ्यावर नारिंगी पट्टा, काळ्यावर सोनेरी रेघा, पांढऱ्यावर लाल-निळ्या पट्ट्या. अडचण एवढीच, की ती लिव्हरी, म्हणजे शर्यतीच्या गाडीवरची रंग, पट्टे आणि अक्षरांची रचना, एका ठरावीक आकाराच्या गाडीसाठी बेतलेली असते आणि तुमची गाडी त्या आकाराची नसते. तोच पट्टा जसाच्या तसा उचलून चार दारांच्या उंच गाडीवर लावला, तर लोक तो ओळखतात, पण तो गाडीला शोभत नाही. म्हणून हे माहितीपत्रक. आम्हाला सर्वांत सुंदर वाटणाऱ्या लिव्हऱ्या तशा का दिसतात आणि त्यांतलं काय तुमच्या गाडीवर उतरू शकतं, ते इथे सांगितलं आहे.

एकच रंग पुरतो तेव्हा

सुरुवातीच्या काळात शर्यतीच्या गाडीचा रंग तिचा देश सांगायचा. विसाव्या शतकाच्या आरंभी गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यतींपासून ही पद्धत पडली. फ्रान्सचा निळा, बेल्जियमचा पिवळा, जर्मनीचा पांढरा, पुढे इटलीचा लाल. ब्रिटनच्या हिरव्याची कथा १९०३ सालची. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावता येत नव्हती, म्हणून ती आयर्लंडमध्ये झाली आणि यजमानांचा मान ठेवायला ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगवल्या गेल्या. जर्मन गाड्या १९३०च्या दशकात पांढऱ्याच्या चंदेरी झाल्या. वजन मर्यादेत बसवण्यासाठी आदल्या रात्री रंग खरवडून काढला, ही त्यामागची गोष्ट फार प्रसिद्ध आहे, पण बरेच इतिहासकार ती खरी मानत नाहीत.

या एकरंगी काळातली आमची सर्वांत आवडती गाडी म्हणजे जॅग्वार डी-टाइप. तिचा आकार आखणारा माल्कम सेयर विमान उद्योगातून आला होता आणि गाडीच्या वक्ररेषा तो गणिताने काढायचा. चालकाच्या डोक्यामागून उभं राहणारं ते शेपटीचं पातं शोभेचं नाही. फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत, तिथल्या लांबलचक सरळ रस्त्यावर गाडी भरकटू नये म्हणून ते आहे. १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षं या गाडीने ले मान्स जिंकलं. त्यातली शेवटची दोन एकुरी एकॉस या स्कॉटिश संघाच्या गडद निळ्या गाड्यांनी. अंगावर पांढरा गोल, त्यात काळा आकडा, आणखी फारसं काही नाही. आणखी काही लागतही नाही, कारण उजेड त्या फुगीर पत्र्यावरून घरंगळतो तेव्हा एकाच निळ्याच्या दहा छटा आपोआप दिसतात.

तुमच्या गाडीची अंगकाठी गोलाईची असेल, तर आधी हाच मार्ग धरा. गडद हिरवा किंवा गडद निळा, ग्लॉस फिनिश, दारावर आकडा. तो गोल बसवणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही. दाराचा पत्रा मध्यभागी फुगलेला असल्यामुळे अचूक वर्तुळ बाजूने अंड्यासारखं दिसू लागतं. आम्ही आधी कागदाचा गोल कापून टेपने चिकटवतो, लांब जाऊन तीन-चार बाजूंनी बघतो, मग कधी वर्तुळ उभ्या दिशेने किंचित ताणतो, कधी बोटभर खाली घेतो. दाराचं हँडल त्यात येता कामा नये. गोल दोन दारांच्या फटीवर आला तर तो मोडल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा लहान गोल बरा.

एकाच रंगात एक रेघ घालून काय साधतं, हे पाहायचं असेल तर १९६७ची ईगल बघा. डॅन गर्नीने स्वतःच्या संघाची ही गाडी चालवत त्या वर्षी स्पाला बेल्जियन ग्रां प्री जिंकली. गडद निळं, निमुळतं अंग, पुढे पक्ष्याच्या चोचीसारखं नाक आणि मधोमध पांढरा पट्टा. फॉर्म्युला वनमध्ये याहून सुंदर गाडी झाली नाही असं आमचं मत आहे, आणि ते आम्ही बदलणार नाही.

तो मधला पट्टा

बॉनेटवरच्या जोडपट्ट्यांचं मूळही याच काळात आहे. अमेरिकेचे रंग पांढरी बॉडी आणि निळी चासी (गाडीचा खालचा सांगाडा) असे होते. पुढे बॉडीने चासी पूर्ण झाकली गेली, निळा दिसेना. तेव्हा ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकी संघमालकाच्या पांढऱ्या गाड्यांवर त्या चासीच्या जागी दोन निळे पट्टे आले, असं सांगितलं जातं. पीटर ब्रॉकने आखलेल्या शेल्बी डेटोना कूपवर हेच उलटं दिसतं, निळ्यावर पांढरे. १९६४मध्ये ले मान्सला आपल्या गटात ती पहिली आली.

आता फिकट निळा आणि नारिंगी. सर्वांत जास्त मागणी याच जोडीला असते. जॉन वायरच्या संघाच्या फोर्ड जीटी४० गाडीने या रंगांत १९६८ आणि १९६९ असं दोनदा ले मान्स जिंकलं, आणि विशेष म्हणजे दोन्ही वेळा चासी एकच होती, क्रमांक १०७५. हे रंग संघाची प्रायोजक असलेल्या गल्फ या तेल कंपनीचे. गल्फचा स्वतःचा निळा खरं तर गडद होता. हा फिकट निळा गल्फने विकत घेतलेल्या विल्शायर या तेल कंपनीचा. निवड किती चांगली होती हे रात्रभर चालणाऱ्या शर्यतीत कळतं. संधिप्रकाशात आपल्या डोळ्यांना लाल काळपट दिसू लागतो आणि निळा उजळ राहतो. भर उन्हात नारिंगी पुढे येतो, तिन्हीसांजेला निळा. रंगचक्रावर हे दोघे समोरासमोर बसतात, म्हणून एकमेकांना उठाव देतात.

पण हाच नारिंगी पट्टा आम्ही प्रत्येक गाडीवर लावत नाही. जीटी४० जमिनीपासून जेमतेम ४० इंच उंच आहे, नावातले ४० तेच. शेजारी उभ्या माणसाला तिचं नाक, छप्पर आणि शेपूट वरून दिसतात, आणि पट्टा एकसंध वाहताना दिसतो. तुमची गाडी खांद्याइतकी उंच असेल तर छपरावरचा पट्टा फक्त गच्चीवरून दिसेल. रस्त्यावरच्या माणसाला दिसतो तो बॉनेटवरचा तुकडा. अशा गाडीवर आम्ही नारिंगी खाली आणतो: पुढच्या बंपरचा खालचा भाग आणि दारांखालची पट्टी नारिंगी, वरचं अंग निळं. आणि दोन्हींमध्ये गडद निळी बारीक कड घालायला विसरत नाही. मूळ गाडीवर नारिंगीला ती कड होती. ती काढली तर दोन रंग एकमेकांना चिकटतात, कडा थरथरल्यासारख्या दिसतात. सगळ्यात स्वस्तात होणारं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम हेच.

काळा आणि सोनेरी

१९६८मध्ये प्रायोजकांच्या जाहिरातींना मुभा मिळाली आणि देशांचे रंग मागे पडू लागले. फॉर्म्युला वनमधल्या लोटस या ब्रिटिश संघाने त्याच वर्षी आपला हिरवा सोडून गोल्ड लीफ सिगारेटचे लाल, पांढरा आणि सोनेरी रंग घेतले. अनेकांना ते खटकलं. चारच वर्षांनी, १९७२मध्ये, त्याच संघाची लोटस ७२ जॉन प्लेयर स्पेशल या सिगारेटच्या काळ्या-सोनेरी रंगांत उतरली आणि एमर्सन फिट्टिपाल्डी तिच्यावर विश्वविजेता झाला.

ही लिव्हरी सुंदर दिसते ती काळ्यामुळे नाही, गाडीच्या पाचरीसारख्या आकारामुळे. कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी रेडिएटर नाकातून काढून दोन्ही कुशींत नेले, त्यामुळे नाक पातळ आणि धारदार झालं. सोनेरी रेघा त्या धारेच्या बरोबरीने धावतात. जिथे पत्रा वळतो तिथे रेघ वळते, जिथे पत्रा संपतो तिथे रेघ संपते. काळ्या रंगात आकार हरवण्याचा धोका असतो. तो आकार रेघांनी पुन्हा काढून दाखवला आहे.

म्हणून काळा-सोनेरी मागणाऱ्यांना आम्ही पहिला प्रश्न विचारतो: गाडीला ठळक धारा आहेत का? कंबररेषा, चाकांवरच्या कमानीची कड, बॉनेटवरच्या घड्या? असतील तर काम फार छान होतं. नसतील तर रेघा कशाच्याही आधाराशिवाय मध्येच तरंगतात. कामाबद्दल दोन गोष्टी. सोनेरी आम्ही छापत नाही. छापील सोनेरी सावलीत मोहरीच्या रंगाचा दिसतो, म्हणून सोनेरी मेटॅलिक फिल्म वेगळी कापून लावतो. आणि रेघ कापायला तुमच्या रंगावर ब्लेड चालवत नाही. नाइफलेस टेप लावतो. तिच्यातला दोरा ओढला की वरची फिल्म सरळ कापली जाते आणि खालच्या पेंटला ओरखडा पडत नाही. कोपऱ्यावर तो दोरा एका दमात, एकाच उंचीवर ओढावा लागतो. मध्ये हात थांबला तर कडेवर दात पडतो आणि तो तुकडा पुन्हा लावावा लागतो.

मार्टिनीच्या पट्ट्या

मार्टिनी या इटालियन मद्य कंपनीच्या पट्ट्यांचे रंग: गडद निळा, फिकट निळा, लाल. सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीची १९७३ची विजेती चंदेरी पोर्शे ९११ आरएसआर आणि पुढच्या काळातल्या पांढऱ्या लॅन्सिया या आमच्या दोन लाडक्या. लॅन्सिया डेल्टा तर पेटीसारखी चौकोनी गाडी. सपाट दारांवरून सरळ जाणाऱ्या पट्ट्या कोपऱ्याला आल्या की वळतात आणि त्या खोक्याला गती येते. रोजच्या वापरातल्या हॅचबॅकवर सर्वांत सहज बसणारी लिव्हरी हीच, हे आम्ही अनुभवाने सांगतो. अट एक: पट्ट्या एकत्र छापून ताणायच्या नाहीत. बंपरच्या वळणावर फिल्म ताणली की लाल पट्टी रुंद आणि निळी अरुंद होते. प्रत्येक रंग सुटा कापून, कडेला कड भिडवून लावावा लागतो. त्यात वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा.

गाडीच बेढब असेल तर

हा प्रश्न लोक संकोचाने विचारतात, पण त्याचं उत्तर फार सुंदर आहे. १९७१मध्ये पोर्शेने ९१७/२० नावाची एक रुंद, फुगलेली गाडी ले मान्सला आणली. डिझायनर अनातोल लापिनने तिचा बेढबपणा झाकला नाही. तिला गुलाबी रंगवलं, खाटीक मांसाचे भाग पाडतो तशा तुटक रेषा काढल्या आणि प्रत्येक भागावर त्याचं जर्मन नाव लिहिलं. शर्यत ती पूर्ण करू शकली नाही, अपघातात बाद झाली, पण आजही 'गुलाबी डुक्कर' म्हणून तिच्यावर जीव टाकणारे जगभर आहेत. त्या रेषा पत्र्याच्या फुगवट्यांवर नेमक्या बसल्या आहेत, म्हणून ते चित्र टिकलं.

बीएमडब्ल्यूच्या आर्ट कारही याच कारणाने बघाव्यात. १९७६ला फ्रँक स्टेलाने आलेखाच्या कागदासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी गाडीवर उतरवल्या. वळणावर चौकटी वाकतात आणि आकार उघड होतो. १९७९ला अँडी वॉरहॉलने एम१ स्वतःच्या हाताने अर्ध्या तासाच्या आत रंगवली, ब्रशचे फटकारे तसेच ठेवले, आणि ती ले मान्सला एकूण सहावी आली.

नावं आणि अक्षरं

कंपन्यांची चिन्हं त्या कंपन्यांची मालमत्ता आहेत. परवानगी नसेल तर आम्ही ती छापत नाही. तंबाखूची नावं तर कुठल्याच परिस्थितीत नाहीत. पण अक्षरं पूर्ण काढली की लिव्हरी उघडी वाटते, हेही खरं, कारण अक्षरांचं वजन त्या रचनेचा भाग असतं. तोडगा फॉर्म्युला वनमधल्या जॉर्डन संघाने दाखवला. सिगारेटच्या जाहिरातीला बंदी असलेल्या शर्यतींत १९९७ साली त्यांच्या पिवळ्या गाडीवर नाकावर साप होता आणि बेन्सन अँड हेजेसच्या जागी 'बिटन अँड हिसेस' लिहिलेलं असायचं. तेवढीच लांबी, तेवढाच भार. तुमचं नाव, घरातल्यांची नावं, गाडी घेतल्याचं वर्ष, काहीही चालेल. अक्षरसंख्या मूळच्या जवळपास ठेवा.

रंगाचा नमुना उन्हात बघा

फोटोतला रंग आणि गाडीवरचा रंग एक नसतो. १९८८च्या मॅक्लारेन एमपी४/४ने १६पैकी १५ शर्यती जिंकल्या. तिचा लाल टीव्हीवर लाल दिसावा म्हणून प्रत्यक्षात नारिंगीकडे झुकणारा, फ्लोरोसंट होता. साधी लाल फिल्म लावली की ग्राहक म्हणतात, काहीतरी चुकलंय. फ्लोरोसंट लावली तर हुबेहूब दिसते, पण ती उन्हात इतर रंगांपेक्षा बरीच लवकर उडते. गाडी सावलीत राहत असेल तरच आम्ही ती सुचवतो. अशीच गत त्याच जॉर्डन संघाच्या १९९१मधल्या '१९१' या गाडीच्या हिरव्याची. गॅरी अँडरसनने आखलेली ती गाडी पाहून लोक फक्त 'हिरवा' म्हणतात, पण तिची जादू त्या हिरव्याच्या ताजेपणात आहे. थोडा पिवळेपणा कमी-जास्त झाला की गाडी वेगळीच होते. त्यामुळे फिल्मचा तुकडा गाडीवर ठेवून सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली बघितल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही.

फिल्म आम्ही कास्ट प्रकारचीच, म्हणजे पातळ ओतून बनवलेली, वापरतो. कॅलेंडर्ड, म्हणजे रुळांखाली दाबून बनवलेली फिल्म स्वस्त पडते, पण खाचांमध्ये काही महिन्यांत आकसून उचलली जाते. लावून झाल्यावर प्रत्येक खाच आणि कड हीट गनने पुन्हा तापवून बसवली जाते. गाडीवर गंज, उडालेला पेंट किंवा नुकताच मारलेला रंग असेल तर आधी सांगा. त्यावर फिल्म नीट धरत नाही आणि काढताना पेंट सोबत येऊ शकतो. बऱ्याच देशांत गाडीचा मुख्य रंग बदलला तर नोंदणीच्या कागदांतही तो बदलावा लागतो. रंग ठरवण्याआधी ते तपासून घ्या.

येताना गाडीचे चार फोटो आणा: डावी बाजू, उजवी बाजू, समोर, मागे. कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरा, गाडीपासून लांब उभे राहा आणि झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि शेपूट लहान दिसते आणि आमची आखणी चुकते. आवडलेल्या लिव्हरीचा फोटोही आणाच. त्यातली कुठली रेघ तुमच्या गाडीच्या कुठल्या वळणावर बसेल, ते कागदावर काढूनच आपण बोलायला सुरुवात करू.