बुटाच्या तळव्यात कोंडलेली हवा

वाढदिवसाचा रबरी फुगा संध्याकाळी टम्म असतो आणि सकाळी सुरकुततो. गाठ घट्ट असते, भोकही नसते, तरी आतला वायू रबराच्या रेणूंमधून वाट काढत निघून गेलेला असतो. नाइकीच्या ‘एअर’ बुटांमागे जी खरी करामत आहे, ती याच गळतीला आवर घालण्याची.

१९७७ साली फ्रँक रुडी हे अमेरिकेच्या विमान-अंतराळ उद्योगात काम केलेले अभियंते ही कल्पना घेऊन नाइकीकडे आले. धावण्याच्या बुटात टाचेखाली फोम असतो. पावलागणिक तो चेपतो, त्यातल्या बारीक कप्प्यांच्या भिंती हळूहळू मोडतात आणि काही महिन्यांत तळवा ‘बसतो’. वायू मात्र कितीही वेळा दाबला तरी थकत नाही. तेव्हा वायूच पायाखाली ठेवावा, असं रुडींचं म्हणणं होतं. प्रश्न एवढाच, की तो वर्षानुवर्षं आत राहणार कसा?

त्यांनी पॉलियुरेथेन या लवचिक प्लास्टिकच्या पातळ पिशवीत साधी हवा भरलीच नाही. सल्फर हेक्साफ्लोराइडसारखा वायू वापरला. त्याचा रेणू मोठा आणि हवेच्या सरासरी रेणूच्या पाचपट जड, त्यामुळे पिशवीच्या भिंतीतून तो अतिशय सावकाश सरकतो. पुढची गोष्ट तर फारच सुंदर आहे. भिंतीतून झिरपताना प्रत्येक वायू फक्त आपल्या स्वतःच्या दाबाचा फरक पाहतो. पिशवीत सुरुवातीला नायट्रोजन नाही, ऑक्सिजनही नाही. बाहेरच्या हवेत दोन्ही आहेत. म्हणून ते बाहेरून आत शिरत राहतात, आधी ऑक्सिजन आणि मागून नायट्रोजन. मोठा रेणू फारसा बाहेर पडत नाही, छोटे आत येतात, आणि नवी पिशवी सैल पडण्याऐवजी काही काळ आणखी घट्ट होते. रुडींच्या पेटंटमध्ये हे सविस्तर दिलेलं आहे.

नुसत्या पिशवीवर उभं राहिलं की पाय डुगडुगतो. म्हणून ती पॉलियुरेथेनच्या फोममध्ये गाडली गेली. असा पहिला बूट ‘टेलविंड’ डिसेंबर १९७८ मध्ये होनोलुलू मॅरेथॉनच्या वेळी आला. पण दगा दिला तो वरच्या कापडाने. चंदेरी रंगात धातूचे सूक्ष्म कण होते. पाय वाकला की ते कापडाच्या धाग्यांवर घासत आणि धागे तुटत. बरेच जोड परत आले. हवेची पिशवी मात्र शाबूत होती.

पुढची नऊ वर्षं ती फोममध्ये दडलेलीच राहिली. मग नाइकीचे डिझायनर, मूळचे वास्तुरचनाकार असलेल्या टिंकर हॅटफिल्ड यांनी पॅरिसच्या पाँपिदू केंद्राची इमारत पाहिली, जिच्या पाइपा आणि सरकते जिने बाहेरून उघडे दिसतात. १९८७ च्या ‘एअर मॅक्स’मध्ये त्यांनी तळव्याच्या कडेला खिडकी पाडली. सुरुवातीची खिडकी मोठी होती. थंडीत त्या पिशवीला तडे जाऊ लागले, तेव्हा ती लहान करावी लागली. प्लास्टिक गारठलं की त्याची लवचिकता कमी होते आणि आधाराविना उघडी राहिलेली भिंत आधी फुटते.

मोठ्या रेणूचा वायू वातावरणाला मात्र फार महाग पडतो. सल्फर हेक्साफ्लोराइड शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा किलोमागे २२ हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो. बूट कचऱ्यात फाटला की तो मोकळा होतो. नाइकीने त्याऐवजी नायट्रोजन घेतला आणि २००६ पर्यंत हा बदल पूर्ण केला. पण छोटा रेणू जुन्या पिशवीत टिकला नसता. त्यासाठी भिंतच बदलली. पॉलियुरेथेनच्या थरांमध्ये ईव्हीओएचचे अतिशय पातळ थर बसवले. खाद्यपदार्थांच्या वेष्टनात ऑक्सिजन रोखायला हेच प्लास्टिक वापरतात. ते वायू उत्तम अडवतं, पण ताठ असतं आणि वारंवार वाकवलं की चिरतं. म्हणून त्याचा थर अगदी पातळ ठेवायचा आणि वाकण्याचं काम पॉलियुरेथेनवर सोपवायचं. त्याच वर्षीच्या ‘एअर मॅक्स ३६०’मध्ये टाचेपासून चवड्यापर्यंत फोमऐवजी हवेचीच गादी होती.

जुन्या पद्धतीच्या बुटांत खरा नाजूक भाग म्हणजे पिशवीभोवतीचा पॉलियुरेथेन फोम. त्यातल्या अनेक प्रकारांत एस्टर नावाचे रासायनिक बंध असतात आणि हवेतलं बाष्प ते बंध तोडतं. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत हे लवकर होतं, आणि गंमत म्हणजे न वापरलेल्या बुटातही होतं. खोक्यात जपून ठेवलेला जोड काही वर्षांनी घालावा, तर दहा पावलांत तळव्याचा भुगा. म्हणून असे बूट ओले असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नयेत. सावलीत, वारं लागेल अशा जागी पूर्ण वाळवावेत आणि मगच कपाटात ठेवावेत. बऱ्याच दिवसांनी काढलेला जोड घालण्याआधी तळव्याच्या कडेवर अंगठा जोरात दाबावा. फोम परत वर आला तर ठीक. भेग पडली, चिकट लागलं किंवा बोटाला पूड आली, तर तो घालून घराबाहेर पडू नये. निसटलेला पण धड तळवा चांभार सोल्यूशन लावून चिकटवून देतो. भुगा झालेल्या तळव्यावर सोल्यूशन फक्त वरच्या पुडीला धरतं आणि त्या पुडीसकट सुटून येतं.