एलिस्टाचा आरोप आणि टक्केवारीचे गणित

२९ सप्टेंबर २००६ रोजी रशियातील काल्मिकिया प्रजासत्ताकाची राजधानी असलेल्या एलिस्टा येथे बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला पाचवा डाव व्हायचा होता. पंच गर्ट गायसेन यांनी ठरल्या वेळी घड्याळ सुरू केले, पण व्लादिमिर क्रामनिक पटावर आला नाही. त्याच्या विश्रांतिकक्षाला जोडलेले स्वच्छतागृह कुलूपबंद करण्यात आले होते आणि ते उघडल्याशिवाय आपण खेळणार नाही, अशी त्याची भूमिका होती. तासाभराने तो डाव व्हेसेलिन टोपालोव्हला बहाल करण्यात आला. एकही प्यादे न हलता जगज्जेतेपदाच्या लढतीत एक पूर्ण गुण इकडचा तिकडे झाला.

हे दोघेही त्या वेळी जगज्जेते म्हणवले जात होते. क्रामनिकने २००० मध्ये कास्पारोव्हला हरवून परंपरागत किताब मिळवला होता, तर टोपालोव्हने २००५ मध्ये अर्जेंटिनातील सान लुईस येथे फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाची स्पर्धा जिंकली होती. दुभंगलेला किताब पुन्हा एक करण्यासाठी ही १२ डावांची लढत ठरली होती. (पुढे विश्वनाथन आनंदने २००८ मध्ये बॉन येथे क्रामनिकला आणि २०१० मध्ये सोफिया येथे टोपालोव्हला हरवले, त्यामुळे ही दोन्ही नावे आपल्याकडे चांगलीच परिचयाची आहेत.) पहिले दोन डाव क्रामनिकने जिंकले, पुढचे दोन बरोबरीत सुटले, आणि ३-१ अशी स्थिती असताना टोपालोव्हचे व्यवस्थापक सिल्वियो डानाइलोव्ह यांनी तक्रार केली की क्रामनिक प्रत्येक डावात सरासरी ५० हून अधिक वेळा स्वच्छतागृहात जातो आणि त्या जागेत कॅमेरा नाही; म्हणजे तो तिथे गुपचूप संगणकाची मदत घेत असावा, असा त्यामागचा संशय होता. अपील समितीने चित्रफिती पाहिल्या. आकडा फुगवून सांगितलेला आहे असे तिला आढळले, तरीही तिने दोन्ही खेळाडूंची स्वतंत्र स्वच्छतागृहे बंद करून एक सामाईक स्वच्छतागृह खुले केले. क्रामनिकच्या बाजूने सांगण्यात आले की तो डावादरम्यान भरपूर पाणी पितो आणि त्याला येरझारा घालायची सवय आहे.

फिडेचे अध्यक्ष किर्सान इल्युम्झिनोव्ह यांच्या मध्यस्थीने २ ऑक्टोबरला लढत पुन्हा सुरू झाली. समितीतील सदस्य बदलले आणि क्रामनिकला त्याचे स्वच्छतागृह परत मिळाले, मात्र गमावलेला गुण मिळाला नाही. त्यानंतर ४ ऑक्टोबरला डानाइलोव्ह यांनी जे पत्रक काढले, ते विज्ञानाच्या दृष्टीने साऱ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे कागदपत्र ठरते. सुरुवातीच्या ठरीव चाली वगळल्यास क्रामनिकच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक चाली ‘फ्रिट्झ ९’ या संगणक-आज्ञावलीच्या पहिल्या पसंतीशी जुळतात, असा त्यात दावा होता आणि प्रत्येक डावाची टक्केवारी त्यात मांडलेली होती. ‘फसवले’ असा शब्द न वापरता तोच अर्थ आकड्यांकडून वदवून घेतला होता. माझ्या मते स्वच्छतागृहाच्या तक्रारीपेक्षा हे पत्रक अधिक अन्यायकारक होते, कारण तक्रारीला उत्तर देता येते, पण टक्केवारी वाचणाऱ्याच्या मनात एकदा बसली की सहसा निघत नाही.

या टक्केवारीत नेमके काय चुकले, हे पाहण्यासारखे आहे. प्रतिस्पर्ध्याने तुमचा हत्ती मारला आणि तुम्ही त्याच घरावर त्याचा हत्ती परत मारला, तर ती चाल जगातला प्रत्येक संगणक सुचवेल आणि गल्लीतला नवशिक्या खेळाडूही तीच खेळेल. शह बसल्यावर राजाला जायला एकच घर उरले असेल, तर तिथे जुळणी शंभर टक्के होणारच. ज्या डावात मारामारी आणि शह जास्त असतात, त्यात अशा सक्तीच्या चालींची संख्या वाढते आणि जुळणीही आपोआप वाढते. याउलट शांत स्थितीत चार-पाच चाली जवळजवळ सारख्याच किमतीच्या असतात. तिथे संगणकाची ‘पहिली पसंती’ कोणती हे आज्ञावलीने किती खोल विचार केला यावर अवलंबून असते, आणि तिला आणखी दोन मिनिटे दिली तर तीच पसंती बदलू शकते. सोप्या प्रश्नपत्रिकेत दोन विद्यार्थ्यांची बरोबर उत्तरे जुळली म्हणून कोणी त्यांना कॉपीबहाद्दर ठरवत नाही. चुकीची उत्तरे ओळीने जुळली, तर मात्र पर्यवेक्षकाचे लक्ष जाते. बुद्धिबळातही कोणत्या चाली जुळल्या याला महत्त्व आहे.

दुसरी अडचण नमुन्याच्या आकाराची. समजा, एखादा अव्वल खेळाडू कोणतीही मदत न घेता सरासरी ६० टक्के चाली संगणकासारख्या खेळतो. एका डावातल्या ४० चाली घेतल्या, तर निव्वळ योगायोगाने या आकड्यात होणारा चढउतार, म्हणजे संख्याशास्त्रातले प्रमाण विचलन, जवळपास ८ टक्के येते. म्हणजेच कधी ४५ तर कधी ७५ टक्के जुळणी दिसली तरी त्यात नवल नाही. हाच हिशेब २०० चालींवर केला की विचलन साडेतीन टक्क्यांवर येते. एकेका डावाची टक्केवारी वेगळी छापली की जो डाव सर्वांत उंच दिसतो तोच लक्षात राहतो, आणि वाचकाला वाटते की पुरावा सापडला.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. ७५ टक्के हा आकडा कशाच्या तुलनेत जास्त, हे त्या पत्रकात कुठेच नव्हते. त्याच वर्षी स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथील मातेय गुइद आणि इव्हान ब्रात्को या संशोधकांनी आजवरच्या जगज्जेत्यांचे डाव ‘क्राफ्टी’ या आज्ञावलीकडून तपासून घेतले होते. प्रत्येक डावातल्या सुरुवातीच्या चाली आणि निकाल जवळजवळ लागून गेलेल्या स्थिती त्यांनी वगळल्या. संगणकाच्या दृष्टीने सर्वांत कमी चुका करणारा खेळाडू म्हणून नाव पुढे आले ते क्यूबाच्या कापाब्लांकाचे, ज्याने १९२७ मध्ये किताब गमावला आणि ज्याचे १९४२ मध्ये, बुद्धिबळ खेळणारा संगणक जन्माला येण्यापूर्वीच, निधन झाले. संगणकाला पसंत पडतील अशा चाली स्वतःच्या डोक्याने खेळणारी माणसे पूर्वीही होती. उत्तम खेळाडूची चाल उत्तम यंत्राशी जुळते याचे साधे कारण असे की पुष्कळदा ती चाल खरोखरच उत्तम असते.

अमेरिकेतील बफेलो विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ आणि स्वतः आंतरराष्ट्रीय मास्टर असलेले केनेथ रीगन यांनी एलिस्टाच्या वादानंतरच या प्रश्नात लक्ष घातले. त्यांची पद्धत समजून घेतली की जुळणीच्या आकड्याला अर्थ कधी येतो ते कळते. पटावरील प्रत्येक स्थितीत संगणकाला केवळ पहिली पसंती न विचारता, शक्य असलेल्या सगळ्या चालींचे मूल्य काढायला लावले जाते. पहिली चाल दुसरीपेक्षा फार सरस असेल तर ती सापडण्याची शक्यता मोठी. दोन्ही बरोबरीच्या असतील तर शक्यता विभागली जाते. ही विभागणी कशी व्हावी हे खेळाडूच्या मानांकनावर, म्हणजे त्याची ताकद दाखवणाऱ्या आकड्यावर ठरते, आणि त्यासाठी रीगन यांनी प्रामुख्याने दोन गुण मोजले: चालींमधला बारीक फरक ओळखण्याची संवेदनशीलता, आणि मोठी चूक टाळण्यातले सातत्य. हजारो प्रामाणिक डावांवरून हे दोन आकडे बसवले की, २७५० मानांकनाच्या खेळाडूने नेमक्या याच डावांत, याच स्थितींत किती चाली जुळवाव्यात याचा अंदाज मिळतो आणि त्या अंदाजात किती चढउतार स्वाभाविक आहे हेही मिळते. मग प्रत्यक्ष जुळणी त्या अंदाजाहून किती प्रमाण विचलने दूर आहे एवढेच पाहायचे.

हे अंतर तीन विचलने निघाले तर निष्पाप खेळाडूच्या बाबतीत तसे घडण्याची शक्यता साधारण ७४० मध्ये एक असते. ऐकायला हा पुरावा भक्कम वाटतो. पण समजा, १०,००० खेळाडूंची तपासणी केली आणि त्यांपैकी खरोखर फसवणारे १० आहेत. ते सगळे सापडले असे मानले, तरी उरलेल्या ९,९९० निष्पापांपैकी सुमारे १३ जण याच चाळणीत अडकतील. म्हणजे पकडलेल्या २३ जणांत निम्म्याहून अधिक निर्दोष असतील. अंतर पाच विचलनांचे असेल तर योगायोगाची शक्यता ३५ लाखांत एक इतकी खाली येते आणि चित्र पालटते. म्हणून कमी अंतराच्या निकालाला दुसऱ्या, संख्याशास्त्राबाहेरच्या पुराव्याची जोड लागते. असा पुरावा मिळू शकतो हेही खरे. २००६ च्याच अखेरीस दिल्लीतील एका स्पर्धेत टोपीत ब्लूटूथ उपकरण दडवलेला खेळाडू पकडला गेला आणि भारतीय बुद्धिबळ महासंघाने त्याच्यावर १० वर्षांची बंदी घातली. तिथे टक्केवारीची गरजच पडली नाही.

एलिस्टाच्या पटावरही एक पुरावा सर्वांसमोर होता, आणि तो आरोपाच्या उलट दिशेने जाणारा होता. दुसऱ्या डावात क्रामनिकने ३१ व्या चालीला उंटाने मारण्याची घोडचूक केली. पुढच्याच चालीला टोपालोव्हने हत्तीने मारून शह दिला असता तर डाव तिथेच संपला असता. पण घाईत त्याने वजिराने शह दिला आणि संधी हातची गेली. कानात संगणक असलेला माणूस अशी चूक करत नाही. पुढे सलग दोन डाव हरूनही क्रामनिकने दहावा डाव जिंकला, १२ डावांअखेर ६-६ अशी बरोबरी झाली आणि १३ ऑक्टोबरला जलद डावांत तो २.५-१.५ असा जिंकला. सहा आठवड्यांनी, २७ नोव्हेंबरला, बॉन येथे ‘डीप फ्रिट्झ’विरुद्धच्या दुसऱ्या डावात त्याने शांतपणे वजीर हलवला आणि एका चालीतली मात त्याच्या नजरेतून सुटली. ज्या फ्रिट्झची नक्कल केल्याचा संशय त्याच्यावर घेतला गेला, त्याच नावाच्या यंत्राने त्याला मात केली.

या कहाणीचा पुढचा भाग लिहिताना मला वाईट वाटते. २०२३ च्या नोव्हेंबरात क्रामनिकनेच अमेरिकेच्या हिकारू नाकामुराच्या ऑनलाइन डावांच्या एका मालिकेबद्दल जाहीरपणे सूचक शंका व्यक्त केली. त्या मालिकेत नाकामुराने ४६ डावांत ४५.५ गुण मिळवले होते. पुन्हा तोच प्रश्न: कशाच्या तुलनेत? प्रतिस्पर्धी बरेच कमकुवत असतील आणि प्रत्येक डाव जिंकण्याची शक्यता ९५ टक्के धरली, तर ४६ डाव ओळीने जिंकण्याची शक्यता ९ टक्क्यांहून थोडी अधिक निघते. ९० टक्के धरली तर ती १२७ मध्ये एक इतकी येते. आणि नाकामुरा ऑनलाइन हजारो डाव खेळलेला आहे. त्या हजारोंतून नेमकी सर्वांत चमकदार मालिका वेचून तीच एकटी पुढे ठेवली, तर ती अशक्य भासणारच. डानाइलोव्ह यांनी एकेका डावाची टक्केवारी छापून जे केले होते, तेच येथे मालिका निवडून झाले. संख्याशास्त्रज्ञांनी हा हिशेब नीट मांडला, तेव्हा त्या मालिकेत संशयास्पद असे काही उरले नाही.