हरणासाठी लावलेल्या फासकीत गोरिला

रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याची बातमी कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या गावातून येतच असते. फासकी लावणाऱ्याला बिबट्या नकोच असतो, पण त्या वाटेने जो जाईल त्याच्याभोवती तार आवळली जाते.

मध्य आफ्रिकेत रवांडा, युगांडा आणि काँगो हे तीन देश जिथे एकमेकांना भिडतात, तिथल्या विरुंगा ज्वालामुखींच्या उतारांवर डोंगरी गोरिलांच्या वाट्याला हेच येतं. गोरिलाची शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंदूकवाला उभा राहतो. या डोंगरांत मात्र रोजची धास्ती आहे ती दोरीच्या किंवा तारेच्या साध्या फासाची, आणि तो लावलेला असतो ड्यूकर, बुशबक अशा हरणासारख्या प्राण्यांच्या मांसासाठी.

रचना आपल्याकडच्या फासकीसारखीच. बांबू किंवा लवचीक फांदी वाकवून जमिनीपर्यंत आणायची, तिला फास बांधायचा, लहानशा खुंटीत अडकवून ती ताणून ठेवायची आणि वर पालापाचोळा पसरायचा. पाय पडला की खुंटी निसटते, फांदी उसळी मारून वर जाते आणि फास घट्ट होतो. पूर्ण वाढलेला गोरिला अंगातल्या ताकदीवर बहुतेक वेळा सुटतो, तरी कधी कधी दोरी मनगटात रुतून राहते. पिल्लाला तेवढी ताकद नसते. धडपडीत खांदा निखळतो, आवळलेल्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो, मांस सडू लागतं. काही पिल्लं हात गमावून जगतात, काही जगत नाहीत.

गोरिलाची मादी साधारण दहाव्या वर्षी पहिल्यांदा विते आणि त्यानंतर चारेक वर्षांनी एकदा. त्यातलीही बरीच पिल्लं मोठी होण्याआधीच दगावतात. म्हणून हरणासाठी लावलेला एक फास त्या आईची कित्येक वर्षं घेऊन जातो.

पूर्वी गोरिलांना हेतूनेही मारत असत. गोरिलांच्या अमेरिकन अभ्यासक डायन फॉसी यांनी 1967 मध्ये रवांडाच्या बाजूला करिसोके हे संशोधन केंद्र सुरू केलं. त्यांचा लाडका नर डिजिट 31 डिसेंबर 1977 रोजी भाल्यांनी मारला गेला. त्याचं डोकं आणि हात कापून नेले होते. 1981 च्या गणनेत विरुंगात जेमतेम 250 गोरिला उरले होते. फॉसी यांचीही 1985 मध्ये त्यांच्या झोपडीत हत्या झाली.

2015 ते 2018 या काळातल्या गणनांनुसार युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलासह डोंगरी गोरिलांची संख्या 1,063 भरली. 2018 मध्ये IUCN या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत त्यांची नोंद 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' अशी बदलली. चिंपांझी, ओरांगउटान अशा इतर महावानरांची संख्या घटत असताना हे घडलं, आणि ते कसं घडलं हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

उत्तर आहे पायपीट. माग काढणारे लोक रोज सकाळी निघतात, आदल्या दिवशी कळप जिथे सोडला तिथून माग धरतात, रात्रीची पानांची घरटी मोजतात, कळप सापडला की एकेक चेहरा ओळखून हजेरी घेतात. गोरिलाच्या नाकावरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, त्यावरून ओळख पटते. वाटेत दिसेल तो फास मोडायचा. कुणी अडकलेलं किंवा आजारी दिसलं की 'गोरिला डॉक्टर्स' या पशुवैद्यांना निरोप जातो. 1986 पासून हे काम चालू आहे. डॉक्टर डार्टने भूल देतात, सहकारी पाठीवर रुपेरी केस आलेल्या म्होरक्या नराला दूर थोपवून धरतात, आणि तिथेच चिखलात बसून दोर कापून जखम साफ करतात.

या मेहनतीचं मोजमापही झालं आहे. माणसाच्या सहवासाची सवय झालेले आणि रोज पाहणी होणारे विरुंगातले गोरिला चार दशकांत वर्षाला सुमारे 4 टक्क्यांनी वाढले, तर अशी पाहणी नसलेले वर्षाला सुमारे 0.7 टक्क्यांनी घटले, असं 2011 च्या एका अभ्यासात दिसलं. जंगल तेच, हवामान तेच.

सवयीची किंमतही आहे. माणसाचा साधा सर्दी-खोकला गोरिलाला मारू शकतो. म्हणून पर्यटकांना एकच तास, दहा मीटर अंतर आणि तोंडावर मास्क. रवांडात या एका तासाचा परवाना 1,500 डॉलरचा आहे आणि पर्यटनाच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा आसपासच्या गावांना जातो. हा पैसा आटला तर काय होतं हे कोरोनाच्या टाळेबंदीत ब्विंडीत दिसलं. जून 2020 मध्ये रफिकी हा म्होरक्या नर धारदार हत्याराने मारलेला सापडला. पकडलेल्या माणसाने सांगितलं की आम्ही लहान प्राण्यांच्या मागावर होतो, गोरिला अंगावर आला. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली.

शिक्षा हवीच. पण 1991 मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा पिढ्यान् पिढ्या त्या रानावर जगलेल्या बट्वा लोकांना बाहेर काढलं गेलं, बहुतेकांना जमिनीचा तुकडाही न देता. गोरिला वाचल्याचा हिशोब मांडताना हे पान गाळणं मला पटत नाही.

काँगोच्या बाजूचं दुखणं आणखी निराळं आहे. गोमा शहराच्या चुली लाकडी कोळशावर पेटतात आणि तो कोळसा विरुंगा राष्ट्रीय उद्यानातल्या झाडांचा असतो. जुलै 2007 मध्ये सेंक्वेक्वे हा नर आणि त्याच्या कळपातल्या माद्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. मांस नेलं नव्हतं, पिल्लंही नेली नव्हती. संशय कोळशाच्या चोरट्या धंद्यावर आला. तिथे वनरक्षकाचाही जीव सुरक्षित नाही. 24 एप्रिल 2020 या एकाच दिवशी विरुंगाचे 12 वनरक्षक हल्ल्यात मारले गेले. याच देशातल्या सखल भागातल्या ग्रावर गोरिलांची स्थिती डोंगरी भाऊबंदांपेक्षा वाईट आहे, कारण कोल्टनसारख्या खनिजांच्या खाणींवरचे लोक रानातल्या मांसावर पोट भरतात.

2012 च्या जुलैमध्ये करिसोकेच्या माणसांना कुर्यामा कळपाजवळ एक फास दिसला. काही दिवसांपूर्वीच याच कळपातलं न्ग्विनो नावाचं पिल्लू फासात अडकून मेलं होतं. माग काढणारा फास मोडायला पुढे झाला, तर कळपातल्या रुपेरी पाठीच्या नराने गुरकावून त्याला थांबवलं. इतक्यात र्वेमा आणि डुकोरे ही चारेक वर्षांची दोन पिल्लं धावत आली. एकाने वाकवलेल्या फांदीवर उडी मारून ती मोडली, दुसऱ्याने फास सोडवला. मग ती दोघं जवळच्याच दुसऱ्या फासाकडे वळली, तिसरंही एक येऊन मिळालं आणि त्यांनी तोही मोडून टाकला. हा दुसरा फास माणसांच्या नजरेतून सुटला होता.